टोकावरची खोली

मिलिंदभाऊला दीपगृहावर नोकरी लागली तेव्हा अहमदपुरात दीपगृह म्हणजे काय, हे कोणालाच धड ठाऊक नव्हतं. आमच्या घरातली ती पहिली सरकारी नोकरी, तीही केंद्र सरकारची. आण्णा, म्हणजे आमचे वडील, मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मापाडी होते. त्यांनी सगळ्या मोंढ्यात पेढे वाटले आणि ज्याला त्याला समजावून सांगितलं, "समुद्राच्या काठाला उंच मनोरा असतो. त्याच्यावर रातभर दिवा लागतो. त्यो बघून जहाजं चालतात." आण्णांनी स्वतः समुद्र पाहिलेला नव्हता. एक हमाल म्हणाला, "म्हंजे दिवाबत्तीवालाच की." त्यावर आण्णा म्हणाले, "हाव. पन दिल्लीचा."

आमचं घर दोन खोल्यांचं, पत्र्याचं. पुढच्या खोलीत बुद्धाची तसबीर, तिच्याखाली भाऊची पुस्तकं. मागच्या खोलीत चूल. सकाळी जाग यायची ती मायच्या भाकरी थापण्याच्या आवाजाने. अंबाडीची भाजी, तुरीचं वरण, सणासुदीला भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या येसराची आमटी, आणि सगळ्यावर करडईच्या तेलाची धार. आण्णा मोंढ्यात तूर नाहीतर हरभरा मोजताना एकाला 'लाभ' म्हणत आणि पुढचे आकडे एका चालीवर ओढत नेत. तीच चाल त्यांच्या तोंडात इतकी बसली होती की जेवताना भाऊच्या ताटात भाकरी टाकतानाही ते "लाभ, दोन, तीन" असंच मोजायचे आणि माय म्हणायची, "लेकराचं खानं मोजू नका ओ." भाऊ हसत हसत चौथी मागायचा. तो खाणारा होता, बोलणारा होता. गल्लीत कोणाचं भांडण लागलं की भाऊला बोलावणं यायचं. अशा मुलाला समुद्राच्या काठावर एकट्याने राहायला पाठवताना आमच्यापैकी कोणाच्याच मनात काही आलं नाही, याचं मला आज नवल वाटतं. नोकरी हा शब्दच एवढा मोठा होता की त्याच्या मागे काय आहे ते दिसत नव्हतं.

पहिल्या सुट्टीला भाऊ आला तो उन्हाळ्याच्या तोंडाला. शर्ट खांद्यावरून ओघळत होता. दोन भाकरी खाऊन हात धुतला. दिवसभर अंगणात बाजेवर पडून राहायचा. कोणी भेटायला आलं तर उठून बसायचा, पण बोलायचा नाही. माय त्याच्या अंगावरून हात फिरवत विचारायची, "काय व्हायलंय रे तुला?" तो म्हणायचा, "काय न्हाई." जायच्या दिवशी आम्ही सगळे त्याला सोडायला एसटी स्टँडवर गेलो. लातूरची गाडी लागली. लोक चढले. भाऊ त्याच्या लोखंडी पेटीवर बसून होता तो बसूनच राहिला. कंडक्टरने घंटी मारली.

"मिलिंद, गाडी चाल्ली," आण्णा म्हणाले.

"मी जात न्हाई, आण्णा. मी राजीनामा देनार हाय."

गाडी निघून गेली. स्टँडवर दुपारची वेळ, रसवंतीच्या घुंगरांचा आवाज, आणि आम्ही तिघे त्याच्या पेटीभोवती उभे. आण्णा रागीट माणूस. मला वाटलं आता इथंच तमाशा होणार. पण ते त्याच्या शेजारी पेटीवर बसले. "कोनी मारतंय का तिथं?" न्हाई. "साहेब लोक तरास देतात?" न्हाई. "मग?" भाऊला सांगता येईना. आण्णांनी पुढच्या गाडीची वेळ विचारून घेतली. मग म्हणाले, "असं कर. फुडच्या गाडीनं तू जा. मोंढ्यातलं काम कमी झालं की आमी येतो, डोळ्यानं बघतो. मग काय ते ठरवू. तवर राजीनामा द्यायचा न्हाई." भाऊ पुढच्या गाडीने गेला. खिडकीतून त्याने हात केला नाही.

घरात त्याच सुमाराला दुसरी एक गोष्ट चालली होती, ती माझी. मी आदल्या वर्षी बारावी झाले होते. पुढे कॉलेजात जायचं म्हटलं की आण्णा म्हणायचे, "बघू." त्या 'बघू'त एक वर्ष गेलं. उमरीला आण्णांची बहीण होती, माझी आत्या. तिच्या मुलाचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान होतं. आत्या एक दिवस आली, माझ्या हातावर साखर ठेवली आणि आण्णांना म्हणाली, "सुजी माझी." आण्णा हसून हाव म्हणाले. मला कोणी विचारलं नाही. मुलगा वाईट होता असं नाही. पुढे तो चांगला नावारूपाला आला, त्याची बायको माझी मैत्रीण आहे, आणि त्यांच्या घरी कार्य असलं की पहिलं बोलावणं मला येतं. मला लग्नच करायचं नव्हतं, एवढंच. मला शिकायचं होतं आणि ते मी मायला सांगितलंही होतं. माय म्हणाली होती, "दम धर." तिच्या दम धर म्हणण्यात नुसती समजूत नव्हती, हे मला पुढे कळलं.

मे महिन्यात आम्ही निघालो: आण्णा, माय आणि मी. मायने धपाटे बांधले, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, येसराची पुडी आणि ज्वारीच्या पिठाचं एक मोठं गाठोडं, इतकं मोठं की लातूरला गाडी बदलताना आण्णा वैतागले. "तिथं पीठ मिळत न्हाई का?" माय म्हणाली, "मिळत असतं तर लेकरू वाळलं कशाला असतं?" लातूर, मग कोल्हापूर, मग रत्नागिरीकडे उतरणारा घाट. आमच्याकडे उघडं, लांबवर पसरलेलं काळं रान पाहायची सवय. घाटात दोन्ही बाजूंनी झाडी अंगावर आली तेव्हा मायने डोक्यावरचा पदर घट्ट ओढून घेतला. खाली उतरल्यावर हवा बदलली. अंग चिकट झालं. आणि मग एका वळणावर गाडीतलं कोणीतरी "समुद्र" म्हणालं.

मला वाटलं होतं तो निळा असेल. तो पांढराच दिसत होता, उन्हात तापलेल्या पत्र्यासारखा. आण्णा खिडकीत वाकून बघत राहिले.  उतरल्यावर आम्ही टोकाकडे जाणाऱ्या रस्त्याने चाललो तेव्हा एका ठिकाणी पाणी जवळ आलं होतं. माय सरळ वाळूत गेली, चुळकाभर पाणी घेऊन जिभेवर लावलं आणि थुंकून टाकलं. आमच्याकडे उन्हाळ्यात नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, त्यासाठी तिने आयुष्यभर भांडणं केली होती. ती म्हणाली, "एवढं पानी, आन् एक घागर प्यायच्या कामाचं न्हाई." आणि तिला हसू आलं. प्रवासभर ती तेवढी एकदाच हसली.

ते टोक म्हणजे समुद्रात पुढे गेलेला डोंगराचा भाग. वर सपाट, तांबड्या जांभ्या दगडाचा सडा, वाळलेलं गवत, आणि तीन बाजूंना खोलवर पाणी. सूर्य मावळताना बघायला लोक तिथे लांबून येतात. तेव्हाही येत, आता तर गाड्या लावायला जागा मिळत नाही. टोकाच्या अगदी शेवटाला पांढरा मनोरा, त्याच्या अलीकडे कर्मचाऱ्यांच्या दोन-तीन खोल्या. वारा इतका की बोललेला शब्द उडून जावा. भाऊ खोलीच्या दारात उभा होता. मायने गाठोडं खाली टाकलं आणि त्याच्या खोलीत शिरली.

ती खोली मला आजही आठवते. एक पलंग, एक स्टो, एक ताट. खिडकीवर वर्तमानपत्र चिकटवलेलं, वारा येऊ नये म्हणून. कोपऱ्यात बिस्किटांच्या पुड्यांचे कागद आणि केळ्यांची सालं. भांडी घासलेली होती, कारण वापरलेलीच नव्हती. जो माणूस गल्लीभराची भांडणं मिटवायचा, तो इथे बिस्किटं खाऊन झोपत होता. मायने इकडेतिकडे पाहिलं, पदर खोचला आणि झाडायला लागली.

शेजारच्या खोलीत पावसकर म्हणून दीपगृहाचे वरिष्ठ राहायचे. त्यांच्या बायकोने, काकूंनी, आम्हाला जेवायला बोलावलं. भात, माशाचं कालवण, सोलकढी. आण्णांनी भात चार घासात संपवला आणि पुढे काय येतंय याची वाट बघत बसले. पुढे भातच आला. काकू मायला म्हणाल्या, "तुमचा झील गुणी आहे हो, पण बोलत नाही. मी हाका मारते, ये रे, बस जरा. येतो, चहा घेतो, जातो. माणूस बोलल्याशिवाय कसा राहील?"

जेवण झाल्यावर भाऊ आणि आण्णा बाहेर दगडावर बसले. मी दारात तांदूळ निवडायच्या निमित्ताने होते.

"आता सांग," आण्णा म्हणाले.

"आण्णा, मी 'लई' म्हनलो की लोक हसतात. 'हाव' म्हनलो की इचारतात, काय? तवा मी बोलायचंच सोडून दिलं. रातपाळी करायची, दिवसा झोपायचं. उठलो की वारा. कोनासंगं बोलू?"

"आन् जयभीम म्हनायला लाजतोस का?"

"लाजत न्हाई. पन आपन जयभीम म्हनलो तर वापस म्हननारं कोनी पाह्यजे ना, आण्णा."

 मी तांदूळ निवडायचे थांबले. भाऊचं दुखणं काय आहे ते मला तेव्हा कळलं, आणि मला वाटतं आण्णांनाही कळलं.

संध्याकाळी आम्ही चौघे टोकाच्या कठड्यापाशी गेलो. तोवर माणसं जमायला लागली होती. पुण्या-कोल्हापूरकडची कुटुंबं, गळ्यात कॅमेरे, नव्यानेच लग्न झालेली जोडपी, भेळवाला, शहाळीवाला. सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला. आमच्याकडे सूर्य मावळतो तेव्हा बाया धारा काढत असतात, चुलीला काड्या घालत असतात. तो बघायला कोणी उभं राहत नाही. इथे शेकडो माणसं नुसती उभी होती. सूर्य खाली आला, मोठा झाला, लाल झाला, पाण्यावर त्याच्यापासून आमच्यापर्यंत एक तांबडा पट्टा पडला. लहान मुलं ओरडायला लागली, "टेकला, टेकला!" खरं सांगते, ते दृश्य मी नंतर कितीतरी वेळा पाहिलं, पण त्या दिवशी मी ते अर्धवटच पाहिलं. कारण आण्णा तेवढ्यात म्हणाले, "मिलिंद, उद्या सामान बांध. चल घरी."

ज्या माणसाने मोंढाभर पेढे वाटले होते, त्याने असं म्हणायला काय लागलं असेल! आवाज साधा होता. "मोंढ्यात काय बी मिळंल. उपाशी मरत न्हाई आपन." मायने डोळ्याला पदर लावला. भाऊ खाली बसला, दोन्ही हातांनी गुडघे धरून, आणि त्याने एक मोठा श्वास सोडला. मला वाटलं, झालं, संपलं.

मग भाऊने मान वर केली. सूर्य अर्धा पाण्यात होता. तो उठला, पॅन्ट झटकली आणि म्हणाला, "आण्णा, मला वर जावं लागतंय. दिव्याची येळ झाली."

"आता सोडूनच द्यायची हाय की."

"आज न्हाई की सोडलेली," भाऊ म्हणाला. आणि चालता चालता त्याने समुद्राकडे हात केला. "त्या तिकडं बारक्या होड्या दिसतात का? त्या आता वळतील. त्यातली दुसरी लई उशीर करती, तिचं इंजिन खराब हाय. अंधारात ह्या खडकावर येऊ नये म्हनून आपला दिवा. दिवसा त्या भिंगाला पडदे लावून ठेवावे लागतात, न्हाईतर उन्हानं आतलं जळंल. ते पडदे आधी काढायचे, मग दिवा." एवढं तो दिवसभरात पहिल्यांदाच एका दमात बोलला होता. आणि तो जवळजवळ पळतच मनोऱ्याकडे गेला.

सूर्य बुडाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि लगेच पाठ फिरवली. गाड्यांची दारं आपटली, भेळवाल्याने टोपली उचलली. बघता बघता टोक रिकामं झालं. आम्ही तिघंच उभे राहिलो. वर काचेत हालचाल दिसली, पडदे एकेक करून बाजूला झाले, आणि मग दिवा लागला. आधी मला तो फार मोठा वाटला नाही. पण अंधार वाढला तसा त्याचा पट्टा लांब होत गेला, आमच्या डोक्यावरून फिरून समुद्रावर जायचा आणि परत यायचा. आण्णा मान वर करून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नेमकं सांगता येणार नाही, पण मोंढ्यात पेढे वाटताना होतं ते हे नव्हतं. हे जास्त होतं.

मी म्हणाले, "आण्णा, भाऊला काम आवडतंय. त्याला खोली आवडत न्हाई."

"काय म्हनायलीस?"

"मी राहते हितं. भाकरी करीन, त्याच्यासंगं बोलीन. रत्नागिरीला कॉलेज हाय, सकाळी गाडी जाती, मी काकूला इचारलंय. मी शिकंन आन् भाऊ नोकरी करंल."

आजवर ज्यांना ज्यांना मी हे सांगितलं ते म्हणतात, भावासाठी केवढा त्याग केलास. मी त्यांना दरवेळी सांगते, त्याग नव्हता तो. भाऊसाठी जीव तुटत होता हे खरं, पण मला तिथे राहायचं होतं हेही तितकंच खरं. दुपारी तांदूळ निवडताना मला ते एकदम दिसलं होतं, आणि उठून लगेच मी काकूंना गाडीची वेळ विचारली होती. अठरा वर्षांच्या मुलीला आपल्याला काय पाहिजे ते चांगलं कळतं. तिला विचारणारं कोणी नसतं, एवढंच.

आण्णा म्हणाले, "आन् उमरीला काय सांगू? शब्द दिलाय मी."

 उत्तर मायने दिलं. ती आण्णांसमोर कधी आवाज चढवत नसे, आणि तेव्हाही चढवला नाही. वाऱ्याने उडणारा पदर दातात धरून ती उभी होती; तो सोडून म्हणाली, "शब्द तुमी दिला. मला कोनी इचारलं न्हवतं, पोरीला बी न्हाई. उमरीला मी जाऊन सांगते. माझं नाव सांगते. तुमची मान खाली जात न्हाई."

"लोक काय म्हनतील? लेक समुद्रावर ठिवली?"

"म्हनू द्या. लेक भावापाशी ठिवली."

 आम्ही खोलीकडे आलो. पावसकर दारात खुर्ची टाकून बसले होते. आण्णा त्यांच्यासमोर उभे राहिले, टोपी काढली, पुन्हा घातली, आणि म्हणाले, "साहेब, माझी लेक हितं ऱ्हायली तर चालंल का?"

पावसकर म्हणाले, "न चालायला काय झालं? आमच्या हिला सोबत होईल." आतून काकूंचा आवाज आला, "अहो, त्यांना म्हणावं, मी तिला मासे साफ करायला शिकवीन हो."

दुसऱ्या दिवशी भाऊ पाळीवरून उतरला तेव्हा मायने त्याला सगळं सांगितलं. त्याचा विश्वास बसेना. मला म्हणाला, "सुजे, तुला भात खावा लागंल." मी म्हणाले, "पीठ आणलंय. सरंल तवा बघू." तो हसला. मग त्याने आण्णांकडे पाहिलं. "दिवाळीपर्यंत बघतो, आण्णा." त्या दिवाळीनंतर हा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही. भाऊने पुढे निवृत्तीपर्यंत दीपगृहांवरच नोकरी केली, लांबलांबच्या किनाऱ्यांवर राहिला, शेवटी वरिष्ठ झाला. आता तो लातूरला असतो. पहिले काही महिने मात्र सोपे गेले नाहीत, आणि माझे तर मुळीच नाहीत; कॉलेजात माझ्या 'हाव'लाही मुलं हसली. पण मी परत हसायचे. संध्याकाळी घरी आले की आम्ही बहीणभाऊ दारात बसून आमच्या बोलीत इतकं मोठमोठ्याने बोलायचो की काकू म्हणायच्या, "भांडताय काय रे?" आत्याने काही वर्षं आमच्याशी अबोला धरला. मायने तो एकटीने निभावला.

आण्णा-मायची परतीची गाडी त्याच दिवशी दुपारची होती. आण्णा भाऊबरोबर सामान चढवत होते. मायने मला बाजूला घेतलं, येसराची पुडी हातात दिली आणि किती पाण्याला किती घालायचं ते सांगितलं, मला चांगलं माहीत असूनही. मग म्हणाली, "दम धर म्हनले होते का न्हाई?" ती आधीपासून संधीच बघत होती, हे मला तेव्हा कळलं. गाडी सुटली तेव्हा आण्णांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. मला वाटलं आता काहीतरी बजावतील. ते ओरडून म्हणाले, "पस्तावा वाटला तर ये. पन वाटू देऊ नको!" आणि गाडी वळणाआड गेली.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा त्या खोलीत भाकऱ्या केल्या. स्टोवर भाकरी नीट फुगत नव्हती. भाऊने चार खाल्ल्या आणि वर गेला. मी हात धुऊन बाहेर आले. टोकावर रोजच्यासारखी गर्दी होती. कठड्यापाशी एक बाई उभ्या होत्या, शहरी, वयाने मायएवढ्या. मला जागा देत त्यांनी विचारलं, "तू कुठून आलीस गं?"

"अहमदपूर."

"हे कुठे आलं?"

"लातूरकडं. मराठवाड्यात."

"अगबाई, एवढ्या लांबून सूर्यास्त बघायला? मग उद्या परत का?"

"न्हाई," मी म्हणाले. "उद्या मला कॉलेज बघायला जायचंय."